वच्छला, तुझेही मशीन आले होते

पार्बतीच्या बांधीत गुडघाभर चिखलात वाकून तू भाताच्या रोपांचा पऱ्हा उपटत होतीस. बायांनी सकाळपासून रोवलेली ओळ न् ओळ, मुठी-मुठीने. उपटायचीस आणि मागे फेकायचीस. आणि तोंडाने गात होतीस. बारा बाया कामे सोडून बांधावर चढल्या होत्या. मला बोलवायला पार्बती स्वतः धावत आली होती. "काकी, चाला लवकर, तुमची जाऊ माही पूर्ण बांधी उपटून राहिली."

मी पोचले तेव्हा अर्धी बांधी मोकळी झाली होती. मी चिखलात उतरून तुझा हात धरला, तर तू माझ्या मनगटाला चावलीस. दाताचा वण अजून आहे. मी हात सोडला. तू पुन्हा वाकलीस आणि पुन्हा तेच सुरू केलेस.

"रोवता रोवता पाय माझा मांगं मांगं जाय,
बांधावर उभी कोन, दिसे जशी माय."

आणि बांधावरच्या बायांनी ती ओळ मागून म्हटली. त्यांना कोणी सांगितले नव्हते. ज्यांची अर्ध्या दिवसाची मेहनत तू चिखलात फेकत होतीस, त्याच बाया तुझ्यामागे गायल्या. माझी एक ओळ आयुष्यात कोणी मागून म्हटली नाही.

मग तू अडलीस. "दिसे जशी माय," दोनदा म्हटलेस, तीनदा म्हटलेस. कंबर सरळ करून बांधाकडे पाहिलेस. पुढची ओळ येईना. बाया थांबल्या. मी तुझ्यापासून चार हातांवर उभी होते. माझ्या कानात मशीन होते, मला सगळे साफ ऐकू येत होते. पुढची ओळ मला येत होती. मी तोंड उघडले नाही.

कोणी म्हणेल, त्या ओळीत बांधावर माय नाही, झाडाचा बुडखा आहे असे येते, म्हणून म्हातारीने दया केली, सांगितले नाही. तसे काही नव्हते. मला बाया गप्प झालेल्या हव्या होत्या. त्या झाल्या. मग तू चिखलात बसलीस आणि दिलीपने येऊन तुला पाठीवर घेतले. तुझाच मुलगा, पण तू त्याला "पाटील, सोडा मले" म्हणत होतीस.

परवा तुझी तेरवी झाली. मला जे सांगायचे होते ते तुझ्या कानात ओरडून सांगायला पाहिजे होते. ते झाले नाही, म्हणून लिहिते. मी चौथी शिकलेली आहे, तू सातवी. चुका तू काढल्या असत्यास.

आधी गाण्याचे. ते माझे आहे. माझ्या मायकडून मी आणले. तू लग्न होऊन आलीस तो पहिला पावसाळा, आपण दोघी चुलीपुढे बसलो होतो. मी भात वैरत होते आणि माझ्या घोगऱ्या आवाजात ते गुणगुणत होते. तू म्हणालीस, "बाई, पुन्हा म्हणा न." मी म्हटले. दुसऱ्या दिवशी रोवण्याला गेलो तर तू ते बांधीत म्हटलेस. मला विचारले नाहीस. तुझा गळा असा की पलीकडच्या बांधीतल्या बाया उभ्या राहून ऐकू लागल्या. तेव्हापासून ते वच्छलाचे गाणे झाले. शेजारच्या गावचे लोक रोवण्याला बाया सांगायला यायचे ते आधी विचारायचे, "वच्छला येते का?" मी यायचीच म्हणून मला कोणी विचारत नसे.

चाळीस वर्षे मी तुला म्हणत आले, गाणे माझे आहे. तू हसायचीस. "गाणं का कोनाचं रायते, बाई? ज्याच्या तोंडी त्याचं." हे भांडण आपले राहूनच गेले. माझे म्हणणे अजूनही तेच आहे.

सासूला तू आवडायचीस. मला दोन पोरी झाल्या, तुला दिलीप झाला. तू चिठ्ठी वाचायचीस, तर सासरा पाटावर बसवून तुझ्याकडून वाचून घ्यायचा. माझ्यासमोर. मी पण वाचू शकत होते, थोडे हळू. मला कोणी सांगितले नाही. आपले दोघींचे नवरे गेले, माझ्या पोरी सासरी गेल्या, आणि मी तुझ्या मुलाच्या घरात राहिले. दिलीपने मला कधी परके केले नाही. मोठाई म्हणून माझे ताट आधी वाढायचा. पण ते घर तुझ्या मुलाचे होते आणि मी दर घासाला ते जाणत होते.

मग आपल्या दोघींचे कान गेले. एकाच सुमाराला. कानांच्या बाबतीत तरी आपण बरोबरीच्या झालो, असे मला वाटले होते.

लाखांदूरला कानाचे शिबिर होते. आपण एसटीने गेलो. उतरताना मी आधी उतरले आणि रांगेत तुझ्यापुढे उभी राहिले. एवढेच केले, पण मुद्दाम केले. दोघींचे कान तपासले, दोघींना मशीन पाहिजे असे लिहिले. मशीने माझ्यानंतर अजून चार बायांना पुरली असती तर बरे झाले असते. माझ्यावरच संपली. तुझे नाव लिहून घेतले आणि म्हणाले, आली की कळवू.

परतताना तू मशीन हातात घेऊन पाहत होतीस. म्हणालीस, "बाई, तलावाच्या पान्यासारखी पाळी लावू. एक दिवस तुमच्या कानात, एक दिवस माह्या." आपल्याकडे तलावाच्या पाण्याची पाळी ठरते तशी. मला हसू आले. पण घरी येऊन आपण खरेच करून पाहिले. तुझ्या कानात घातल्याबरोबर ते शिट्टी वाजवू लागले. माझ्या कानाच्या मापाचे होते ते. तू अंगण डोक्यावर घेतलेस. "माह्या कानात बेडूक बसला व माय!" दिलीपची बायको पोट धरून हसली. मी पण हसले. मशीन परत माझ्या कानात आले आणि तिथेच राहिले.

त्यानंतरचे सहा महिने माझे होते. मला पहिल्यांदा कळले की बाया माझ्या पाठीमागे काय बोलतात. मला चिमण्या ऐकू आल्या, नळाचे पाणी ऐकू आले. आणि तुला काही ऐकू येत नव्हते. तू माझी बाही ओढून विचारायचीस, "काय म्हनते थे?" मी मनाला येईल तेवढे सांगायचे. कधी अर्धे सांगायचे. कधी "काही नाही" म्हणायचे आणि तू गप्प बसायचीस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुला माझी गरज पडली. मला ते गोड लागले. खोटे कशाला लिहू?

मग एक दिवस सरकारी दवाखान्याची आशाताई दारात आली. हातात वही होती.

"काकी, वच्छलाकाकीचं मशीन आलं. मंगळवारी लाखांदूरले घेऊन या, कानाचं माप घेतीन."

मी म्हणाले, "तिले नाही पाहिजे."

"काहून?"

"लाज वाटते तिले. कानात बेडूक बसते म्हनते."

"एकदा विचारून तं पाहू द्या."

तू मागच्या अंगणात तांदूळ धूत होतीस, पाठ आमच्याकडे. आशाताईने दारातूनच हाक मारली. "वच्छलाकाकी!" पुन्हा मारली. तू वळली नाहीस. तुला ऐकू येत असते तर तू वळली असतीस, आणि ऐकू येत नव्हते म्हणूनच ती आली होती. हे मला तेव्हाही कळत होते. "लिही नाही म्हनून," मी म्हणाले. तिने लिहिले आणि गेली. तिचा दोष नाही. घरच्या मोठ्या बाईने सांगितले, तिने ऐकले.

दिलीपला मी सांगितले की तूच नाही म्हणालीस. तो तुझ्याशी हातवारे करून काही बोलायला गेला, तू कंटाळून हात झटकलास. त्याला वाटले, खरेच नको आहे.

त्या पावसाळ्यात तू रोवण्याला गेलीस आणि गाणे सुरू केलेस. बायांची ओळ संपायच्या आधीच तू पुढची उचलायचीस. तुला त्यांचे ऐकूच येत नव्हते. एक नवी सून म्हणाली, "काकी, थांबा न जरा, आमचं होऊ द्या." बाया हसल्या. तुला शब्द कळले नाहीत, पण तोंडे दिसली. पुढच्या वर्षी तू गेली नाहीस. मी गेले. मला तिथे कोणी गा म्हटले नाही. पण तू नव्हतीस, एवढ्याने मला पुरे झाले.

तू पडवीत बसू लागलीस. आधी लोक येऊन बसायचे. मग ओरडून ओरडून त्यांचा घसा दुखायचा, ते कमी झाले. मग तू पण बोलणे सोडलेस. तुझ्याकडे कोणी आले की तू उगाच मान हलवायचीस. तुझ्या चुका सुरू झाल्या तेव्हा घरात सगळे म्हणाले, ऐकू येत नाही म्हणून चुकते. दोन वर्षे आपण सगळे तेच म्हणत राहिलो. ऐकू न येण्याने कोणी चार माणसांच्या घरात पंधरा जणींचा भात टाकत नाही. तू टाकायचीस. दिलीपची बायको विचारायची, तर म्हणायचीस, "रोवनाऱ्या बाया येऊन राहिल्या न." तेव्हा उन्हाळा होता. बांध्यांना भेगा पडल्या होत्या.

पार्बतीच्या बांधीतल्या त्या दिवसानंतर दिलीप तुला भंडाऱ्याला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मला पण नेले, कारण तू माझा पदर सोडत नव्हतीस. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने कागद घेतला आणि एकेक विचारू लागली. उत्तरे दिलीप देत होता. मी मनात माझी देत होते.

शाळा किती शिकल्या? सातवी. मी चौथी.

तंबाखू? दिलीप म्हणाला, "नाही जी, वास आला तरी तोंड फिरवते." मी चाळीस वर्षे दोन वेळा तंबाखूचा गुडाखू दातांना घासते. त्या वेळीही डबी माझ्या कमरेला होती.

ब्लडप्रेशर? नाही. माझी गोळी रोजची आहे, आणि मी ती आठवण झाली तर खाते. साखर? नाही. माझी थोडी आहे. डोक्याला कधी मार? नाही. मी धानाच्या बैलबंडीवरून पडले होते, सात टाके पडले होते, दोन दिवस मला माझ्या पोरींची नावे आठवत नव्हती. चुलीचा धूर? तो दोघींचा सारखा. डोळ्यांना दिसते का? तुझे मोतीबिंदू कधीच काढून झाले होते. माझा एक अजून तसाच आहे.

मी बसल्या बसल्या मोजत होते. वच्छला, ती यादी माझी होती. वरपासून खालपर्यंत माझी. मी न राहवून विचारले, "बाई, हे सारं तं माह्यातच हाये. मंग मले काहून नाही झालं?"

ती हसली नाही. म्हणाली, "आजी, हे असलं म्हणजे होईलच असं नाही. आणि नसलं म्हणजे होणार नाही, असंही नाही. यातल्या प्रत्येकाने धोका वाढतो, एवढंच. तुम्ही गोळी रोज घ्या. आणि ती डबी सोडा."

मग तिने कान विचारले. किती वर्षांपासून ऐकू येत नाही? मशीन लावले नाही का? दिलीप म्हणाला, "मिळत होतं जी, तिनंच नाही म्हटलं." डॉक्टरीणबाईने तुझ्याकडे पाहिले. तू तिच्या टेबलावरच्या कापसाचे तुकडे ओळीत लावत होतीस, रोवल्यासारखे. तिने सांगितले की कान गेला की माणूस बोलणे टाळतो, लोकांतून उठतो, एकटा पडतो. डोक्याला काम राहत नाही. वय तर असतेच, पण हेही त्यात मिळते. "वेळेवर मशीन लागलं असतं तर हे कदाचित थोडं मागे पडलं असतं. कदाचित. नक्की कोणीच सांगू शकत नाही."

ती मला दोष देत नव्हती. तिला काही माहीत नव्हते. पण तो "कदाचित" मी घरी घेऊन आले. तिने "हो" म्हटले असते तर मी रडून मोकळी झाले असते. "नाही" म्हटले असते तर झोपले असते. आता रोज सकाळी मशीन कानात घालते आणि तो पहिला ऐकू येतो.

पण मला राग कशाचा आला ते लिहिते. विसरणे माझ्या वाट्याचे होते. यादीप्रमाणे माझे होते. माझे गाणे नेलेस तसे तेही नेलेस. तुला सासूचे टोमणे आठवत नव्हते, नवऱ्याचे जाणे आठवत नव्हते, माझ्याशी केलेली भांडणे आठवत नव्हती. तू सकाळी उठून कोऱ्या तोंडाने ऊन पाहायचीस. मला आशाताईच्या वहीचा रंग आठवतो. हिरवा होता.

आणि घरात सगळे तुझ्याभोवती. दिलीप तुला पेज पाजायचा, तू त्याच्या अंगावर थुंकायचीस, तो तुझ्याच पदराने तुझे तोंड पुसायचा आणि म्हणायचा, "माय, एकच घोट." माझ्या हातून कप फुटला तर सून म्हणायची, "मोठाई, पाहून धरा न." मी पूर्ण शुद्धीत होते म्हणून माझे कोणी काही माफ करत नव्हते. हे लिहिताना मला लाज वाटायला पाहिजे. थोडी वाटते.

एकदा मी तुला सांगितले. मागच्या थंडीत, आपण दोघी अंगणात उन्हाला बसलो होतो, मी तुझे केस विंचरत होते. ओरडून सांगितले असते तर गल्लीने ऐकले असते. म्हणून मी हळू बोलले. म्हणजे तू ऐकूच नयेस असे बोलले. "वच्छला, तुहं पन मशीन आलं होतं. मी नाही म्हनून सांगतलं." तू मागे वळलीस. माझ्या तोंडाकडे पाहिलेस. मग हात लांब करून माझ्या कानातले मशीन काढलेस. मला वाटले, आता फेकते, आणि फेकले असतेस तर बरे झाले असते. तू ते उलटेपालटे करून पाहिलेस, त्यावर फुंकर मारलीस आणि परत माझ्या कानात नीट बसवलेस. म्हणालीस, "पाडशीन, बाई."

तुझे डोके गेले होते, तरी तू माझ्यापेक्षा बरी निघालीस. मला त्याचाही हेवा वाटला. मी फणी ठेवून उठून गेले. तुझे अर्धे केस तसेच राहिले, सुनेने नंतर बांधले.

तेरवीला गाव आले होते. जो तो म्हणत होता, काय गळा होता वच्छलाचा. पार्बती माझ्याजवळ बसून म्हणाली, "काकी, थे गानं तं तिच्यासंगंच गेलं."

"थे गानं माहं हाये," मी म्हणाले.

"अवं बुढे!" ती कपाळाला हात लावून हसली. "आज तरी सोड न तिले."

पाहुणे गेले आणि दिलीप ओसरीत एकटा बसला, तेव्हा मी त्याला सांगितले. शिबिर, रांग, आशाताई, सगळे.

"मोठाई, हे तू आता काहून सांगून राहिली?"

"तवा सांगतलं असतं तं तू मले ठेवलं नसतं."

"आता ठेवीन, असं वाटते तुले?"

त्याने मला काढले नाही. दुसऱ्या दिवशी माझे ताट आधीसारखेच आधी वाढले. पण तो माझ्याशी बोलत नाही. सून कामापुरते बोलते. मशीन कानात आहे, बॅटरी नवी आहे, आणि या घरात मला ऐकायला काही नाही. डॉक्टरीणबाईच्या यादीत एकटे पडणे होते. तेवढे एकच तेव्हा माझ्यात नव्हते. आता तेही आहे. तरी डोके साफ आहे, एकही गोष्ट सुटत नाही.

तू मला माफ केलेस असे मी धरून चालत नाही. तुला कळलेच नव्हते. माझे गाणे मी तुला दिले होते, असेही मी म्हणणार नाही. तू घेतलेस, आणि माझ्यापेक्षा चांगले म्हटलेस. तू म्हटले नसतेस तर ते माझ्या चुलीपुढेच राहिले असते. एवढे मी मान्य करते. चाळीस वर्षांनी.

त्या दिवशी बांधीत अडलेली ओळ ही घे. तुझ्या आता कामाची नाही, पण माझ्याकडे ठेवायची नाही.

"माय नोहे बाई माय नोहे, थो मोहाचा बुडखा,
पाय माझा चिखलात, जीव माझा मुका."

घरात आपण दोघी होतो, दोघींचे कान गेले होते, आणि मशीन एकीला मिळाले. तू गेलीस. मी जिवंत आहे.